तो लेख कोणत्या अंकात होता? संगणकीय ग्राफिक्सच्या जुन्या मासिकांची शोधसूची

संगणकीय ग्राफिक्सचे काम करणाऱ्या माणसाला केव्हा ना केव्हा हा प्रश्न पडतोच. पाण्याच्या तळाशी हलणारी उजेडाची जाळी कशी दाखवावी, हे फार वर्षांपूर्वी एका मासिकात अतिशय नीट समजावलेले होते. मुखपृष्ठावरचे चित्र अंधूक आठवते, लेख उजव्या हाताच्या पानावर सुरू होत होता हेही आठवते, पण महिना आणि वर्ष काही केल्या आठवत नाही. अंकांचे गठ्ठे कपाटात आहेत, म्हणजे लेख हाताशीच आहे, आणि तरीही तो सापडत नाही. अशा वेळी जी वस्तू उपयोगी पडते ती म्हणजे सूची. ती कशी तयार होते, तिच्यात शोध कसा चालतो आणि वर्षानुवर्षे ती कशी सांभाळावी लागते, हे या लेखात सांगायचे आहे.

या क्षेत्रातील छापील मजकूर मोठा आहे आणि त्याचे प्रकारही अनेक आहेत. सिग्राफ ही संगणकीय ग्राफिक्सची परिषद पहिल्यांदा १९७४ मध्ये झाली. आयईईई या अभियंत्यांच्या संघटनेचे ‘कॉम्प्युटर ग्राफिक्स अँड ॲप्लिकेशन्स’ १९८१ मध्ये सुरू झाले, आणि एसीएम या संगणकतज्ज्ञांच्या संघटनेचे ‘ट्रान्झॅक्शन्स ऑन ग्राफिक्स’ व युरोग्राफिक्स या युरोपीय संघटनेचे ‘कॉम्प्युटर ग्राफिक्स फोरम’ ही दोन नियतकालिके १९८२ मध्ये निघाली. चित्रपटांतील दृश्य-परिणाम कसे साधले गेले हे तपशिलाने सांगणारे ‘सिनेफेक्स’ १९८० पासून २०२१ पर्यंत चालले, तर त्रिमितीय चित्रांच्या कारागिरांसाठी असलेले ‘थ्रीडी वर्ल्ड’ २००० मध्ये सुरू झाले. एकीकडे गणिती शोधनिबंध, दुसरीकडे ‘हे बटण दाबा, मग ही किंमत भरा’ अशा पद्धतीचे धडे आणि तिसरीकडे एखाद्या दृश्यामागची हकीकत असे तीन अगदी वेगळे मजकूर येथे एकाच विषयावर उभे असतात. वाचकाला मात्र अनेकदा तिन्ही हवे असतात.

अनुक्रमणिका आणि सूची यांत फरक आहे. ‘या अंकात काय काय आहे?’ या प्रश्नाचे उत्तर अनुक्रमणिका देते, तर ‘ही गोष्ट कोणकोणत्या अंकांत आहे?’ या नेमक्या उलट प्रश्नाचे उत्तर सूची देते. शंभर अंकांच्या अनुक्रमणिका एकापुढे एक चिकटवल्या म्हणून सूची होत नाही. ही गरज संगणकापेक्षा पुष्कळ जुनी आहे. विल्यम फ्रेडरिक पूल हे येल येथे विद्यार्थी असताना त्यांनी ग्रंथालयातील जुन्या नियतकालिकांच्या बांधीव खंडांची विषयवार सूची तयार केली आणि ती १८४८ मध्ये प्रसिद्ध झाली. तिची १८८२ ची विस्तारित आवृत्ती तयार करताना अनेक ग्रंथपालांनी नियतकालिके आपसांत वाटून घेतली आणि सर्वांनी एकाच नियमाने नोंदी केल्या. एकट्याने न पेलणारे काम सामायिक नियमांच्या आधारे पुरे करण्याची ती रीत आजही तितकीच उपयोगी आहे.

एक लेख, एक नोंद

सूचीचा घटक म्हणजे एक नोंद, आणि एका लेखाला एक नोंद हा साधा नियम. नोंदीत लेखाचा छापलेला मथळा जसाच्या तसा, लेखक, नियतकालिकाचे नाव, खंड व अंक क्रमांक, अंकावर छापलेला महिना आणि वर्ष, पहिले व शेवटचे पान, लेखाचा प्रकार, त्यात वापरलेले सॉफ्टवेअर व त्याची आवृत्ती, तंत्राचे नाव, आणि शेवटी सूचीकाराने स्वतःच्या शब्दांत लिहिलेले दोन-तीन वाक्यांचे टिपण एवढे असावे. हे सांगायला सोपे आहे, पण पहिल्याच दिवशी शंका उभ्या राहतात. वाचकांच्या प्रश्नोत्तरांच्या एका पानावर सात प्रश्न असतील, तर नोंद एक करायची की सात? माझे मत असे आहे की ज्या तुकड्याचा कोणी स्वतंत्रपणे शोध घेईल, त्याला स्वतंत्र नोंद द्यावी. केसांच्या सावल्या तुटक का दिसतात याचे अर्ध्या रकान्यातले उत्तर कित्येकदा सहा पानी लेखापेक्षा जास्त मोलाचे असते. क्रमशः लेखमालेत प्रत्येक भागाची नोंद वेगळी करून त्या एकमेकींना जोडाव्यात.

एकच मजकूर दोन पत्त्यांवर राहतो, ही या क्षेत्रातली खास अडचण आहे. सिग्राफ परिषदेतील निबंध अनेक वर्षे ‘कॉम्प्युटर ग्राफिक्स’ या त्रैमासिकाचा अंक म्हणून निघत असत, आणि २००२ पासून ते ‘ट्रान्झॅक्शन्स ऑन ग्राफिक्स’च्या अंकात येऊ लागले. त्यामुळे जेम्स काजिया यांचा रेंडरिंगच्या, म्हणजे दृश्यातील उजेडाचा हिशेब करून चित्र तयार करण्याच्या, समीकरणावरचा प्रसिद्ध निबंध काही ठिकाणी ‘सिग्राफ १९८६’ म्हणून, तर काही ठिकाणी ‘कॉम्प्युटर ग्राफिक्स, खंड २०, अंक ४, पाने १४३ ते १५०’ म्हणून उल्लेखलेला दिसतो. सूचीकाराने डोळे उघडे ठेवले नाहीत, तर एकाच निबंधाच्या दोन नोंदी होतात, त्यांतल्या एकीला चांगले टिपण मिळते, आणि वाचकाच्या हाती नेमकी दुसरी लागते. म्हणून नोंद एकच ठेवावी आणि तिच्यात दोन्ही पत्ते लिहावेत.

नियतकालिकाच्या नावाबाबत आयएसएसएन हा आठ अंकी क्रमांक मोठा आधार देतो. सारखी नावे आणि बदललेली नावे यांतून होणारा घोटाळा तो टाळतो, शिवाय टंकनातली चूकही पकडतो, कारण त्याचा शेवटचा अंक हा पडताळ्याचा अंक असतो. ‘कॉम्प्युटर ग्राफिक्स अँड ॲप्लिकेशन्स’चा क्रमांक ०२७२-१७१६ असा आहे. पहिल्या सात अंकांना डावीकडून अनुक्रमे ८, ७, ६, ५, ४, ३ आणि २ यांनी गुणून बेरीज केली की ९३ येतात. ९३ ला ११ ने भागल्यावर बाकी ५ उरते, आणि ११ मधून ५ वजा केले की ६ मिळतात, म्हणजे शेवटचा अंक बरोबर जुळतो. हा हिशेब संगणकाकडून प्रत्येक नोंदीमागे करून घ्यावा; चुकीचा क्रमांक आत शिरण्यापूर्वीच अडवणे हे नंतर शोधून काढण्यापेक्षा कितीतरी सोपे असते.

लेखकांच्या नावांसाठी वेगळी यादी ठेवावी लागते. तीत प्रत्येक व्यक्तीचे एक मान्य रूप असते आणि बाकीची सर्व रूपे त्याकडे बोट दाखवतात. ग्राफिक्सचे संशोधक जिम ब्लिन आणि जेम्स एफ. ब्लिन ही एकच व्यक्ती, हे माणसाला कळते पण यंत्राला सांगावे लागते. चकाकत्या पृष्ठभागांचे प्रारूप १९७५ मध्ये मांडणाऱ्या बुई तुओंग फाँग यांचे उदाहरण याहून नाजूक आहे. व्हिएतनामी रीतीप्रमाणे आडनाव आधी येते, म्हणजे त्यांचे आडनाव बुई. पण त्यांचे तंत्र साऱ्या जगात ‘फाँग शेडिंग’ म्हणूनच ओळखले जाते. कोणत्या अक्षराखाली नोंद ठेवायची हा निर्णय काहीही घ्या, पण दुसऱ्या अक्षराखाली ‘पाहा’ असा निर्देश असलाच पाहिजे.

मथळा विषय सांगत नाही

सूचीच्या कामाचा गाभा येथे आहे. लेखाच्या मथळ्यातले शब्द शोधण्याची सोय केली की सूची तयार झाली असे अनेकांना वाटते, आणि ही समजूत किती चुकीची आहे हे या क्षेत्रातील सर्वांत गाजलेले निबंधच दाखवून देतात. टर्नर व्हिटेड यांनी १९८० मध्ये परावर्तन आणि अपवर्तन दाखवणारी रे ट्रेसिंगची, म्हणजे उजेडाच्या किरणांचा माग काढण्याची, पद्धत मांडली; त्या निबंधाच्या मथळ्यात ‘प्रकाशाचे सुधारित प्रारूप’ अशा अर्थाचे शब्द आहेत, ‘रे ट्रेसिंग’ हे शब्द नाहीत. सपाट पृष्ठभागावर खडबडीतपणाचा भास निर्माण करणारे बंप मॅपिंग ब्लिन यांनी १९७८ मध्ये सांगितले, आणि तेथे मथळा ‘सुरकुतलेल्या पृष्ठभागांचे अनुकरण’ असा आहे. केन पर्लिन यांच्या १९८५ च्या निबंधाचे नाव ‘ॲन इमेज सिंथेसायझर’ असे आहे. आज ‘पर्लिन नॉइज’, म्हणजे नैसर्गिक वाटणारा अनियमितपणा निर्माण करण्याचे तंत्र, शोधणाऱ्याला त्यातला ‘नॉइज’ हा शब्द मथळ्यात मिळणार नाही. लिहिणाऱ्यांकडे बोट दाखवण्याचे यात काही कारण नाही. तंत्र जन्माला येते तेव्हा त्याचे नाव रूढ झालेले नसते, आणि शोधणारा मात्र पुढच्या काळातून, रूढ झालेले नाव घेऊन येतो. व्यवसाय-मासिकांत तर मथळे मुद्दाम आकर्षक आणि चमकदार ठेवलेले असतात, त्यामुळे तेथे हे अंतर आणखी वाढते. लिहिणाऱ्याच्या काळातले शब्द आणि शोधणाऱ्याच्या काळातले शब्द यांच्यामधला पूल बांधणे, हेच सूचीकाराचे खरे काम आहे.

हा पूल म्हणजे नियंत्रित विषयसंज्ञांची यादी. एका कल्पनेसाठी एक संज्ञा निवडायची आणि बाकीच्या नावांखाली ‘पाहा’ असा निर्देश द्यायचा. एकमेकांत मिसळणाऱ्या मऊ गोळ्यांसारख्या आकारांचे उदाहरण घेऊ. ब्लिन यांनी १९८२ मध्ये रेणूंभोवतीची इलेक्ट्रॉनांची घनता दाखवण्यासाठी ही कल्पना वापरली आणि त्या आकारांना ‘ब्लॉब’ असे नाव पडले. जपानमधील संशोधकांनी त्याच धर्तीवर ‘मेटाबॉल’ तयार केले. १९८६ मध्ये विविल बंधू आणि त्यांचे सहकारी यांनी ‘सॉफ्ट ऑब्जेक्ट’ हे नाव वापरले. आणि गणिती लेखनात या साऱ्यांचा समावेश ‘इम्प्लिसिट सर्फेस’मध्ये होतो. यांच्या सूत्रांत फरक आहेत, म्हणून त्यांना सरसकट एक मानणे बरोबर नाही, पण एकाच्या शोधात दुसरे दाखवलेच नाही तर वाचकाचे निम्मे साहित्य हरवते. अशा जवळच्या पण भिन्न संज्ञांसाठी ‘हेही पाहा’ हा दुसरा निर्देश असतो.

नावाचा अर्थच सरकतो असेही घडते. कुक, पोर्टर आणि कार्पेंटर यांच्या १९८४ च्या निबंधातील ‘डिस्ट्रिब्यूटेड रे ट्रेसिंग’ म्हणजे किरण वेळ, भिंग आणि पृष्ठभाग यांवर विखरून टाकणे. त्यातून धूसर सावल्या आणि गतीमुळे येणारा पुसटपणा मिळतो. पुढे ‘डिस्ट्रिब्यूटेड’ म्हटले की अनेक संगणकांवर वाटून केलेले काम, असा अर्थ लोकांच्या मनात येऊ लागला, म्हणून त्या तंत्राला ‘डिस्ट्रिब्यूशन रे ट्रेसिंग’ म्हणण्याची पद्धत पडली. सूचीत हे तंत्र आणि अनेक संगणकांवर वाटून केलेले काम यांसाठी दोन वेगळी विषयपदे हवीत, आणि प्रत्येकाखाली एका ओळीत त्याची व्याप्ती लिहिलेली हवी. सॉफ्टवेअरच्या नावांनाही हाच न्याय लागतो. डॉसवर चालणारे ‘थ्रीडी स्टुडिओ’ १९९० मध्ये आले, १९९६ मध्ये नव्याने लिहिलेले ‘थ्रीडी स्टुडिओ मॅक्स’ आले आणि पुढे त्याचे नाव ‘थ्रीडीएस मॅक्स’ झाले. शेवटची दोन नावे एकाच वंशातली आहेत, पण पहिल्यासाठी लिहिलेला धडा दुसऱ्यात जसाच्या तसा चालेल असे मानता येत नाही.

विषयांची मांडणी झाडासारखी, एका मोठ्या फांदीतून लहान फांदी अशी करावी, हा मोह होतो. एसीएमच्या १९९८ च्या वर्गीकरणात संगणकीय ग्राफिक्सला ‘आय.३’ असे स्थान होते आणि त्याखाली उपविभाग होते. शोधनिबंधांसाठी ती पद्धत चालून गेली. पण ‘चित्रपटातील अस्वलाच्या ओल्या केसांसाठी अमुक सॉफ्टवेअरमध्ये लिहिलेला शेडर (पृष्ठभाग कसा दिसावा हे ठरवणारा छोटा प्रोग्रॅम)’ हा लेख कोणत्या फांदीवर ठेवणार? केसांच्या, शेडरच्या, सॉफ्टवेअरच्या की चित्रपटाच्या? येथे ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी १९३३ मध्ये द्विबिंदू वर्गीकरणात वापरलेला विचार कामास येतो. एका विषयाला अनेक पैलू असतात, आणि प्रत्येक पैलू वेगळा नोंदवून मग त्यांची जुळणी करायची. आपल्या सूचीसाठी तंत्र, चित्रित वस्तू, साधन आणि लेखाचा प्रकार हे चार पैलू पुरतात. वाचक मग ‘वस्तू : केस’ आणि ‘प्रकार : धडा’ एवढेच निवडून थांबू शकतो. मन मानेल तशा खुणा लावण्याची मोकळीक सर्वांना दिली, तर काही महिन्यांत ‘केस’, ‘केशरचना’, ‘हेअर’ आणि ‘फर’ अशा चार ढिगांत लेख विखुरतात, म्हणून नवी संज्ञा सुचवण्याची मुभा सर्वांना असावी, पण ती यादीत घेण्याचा निर्णय एका ठिकाणी व्हावा.

शोध आतून कसा चालतो

यंत्राची बाजू त्यामानाने सरळ आहे. शोध घेताना संगणक प्रत्येक नोंद पहिल्यापासून वाचत बसत नाही. त्याने आधीच एक उलटी यादी करून ठेवलेली असते : प्रत्येक शब्द आणि त्यापुढे तो शब्द असलेल्या नोंदींचे क्रमांक, अगदी पुस्तकाच्या शेवटी असलेल्या शब्दसूचीसारखी. दोन शब्द शोधले की दोन याद्यांतले सामाईक क्रमांक काढायचे. मिळालेल्या नोंदींचा क्रम लावताना कॅरेन स्पार्क जोन्स यांनी १९७२ मध्ये मांडलेला विचार वापरतात : जो शब्द थोड्या नोंदींत येतो तो अधिक बोलका. ग्राफिक्सच्या सूचीत ‘प्रतिमा’ हा शब्द जवळजवळ सगळीकडे असतो, म्हणून त्याचे वजन नगण्य. पाण्यातून किंवा काचेतून वळून एकवटलेल्या उजेडाच्या नक्षीला ‘कॉस्टिक’ म्हणतात; हा शब्द मोजक्या ठिकाणी असतो, म्हणून पाण्याच्या तळाशी पडणाऱ्या उजेडाचा तो लेख त्याच्यामुळे वर येतो. विषयसंज्ञेत आलेल्या शब्दाला टिपणात आलेल्या शब्दापेक्षा जास्त वजन द्यावे.

शब्द तोडण्याच्या नियमांकडे मात्र लक्ष हवे. सामान्य शोधयंत्रणा विरामचिन्हे गाळतात, त्यामुळे ‘सी प्लस प्लस’ या प्रोग्रॅमिंग भाषेचे नाव चिन्हांनी लिहिले असेल तर उरते नुसते ‘सी’; काही यंत्रणा एकेका अक्षराचे शब्दही टाकून देतात, आणि मग ‘झेड-बफर’चे नुसते ‘बफर’ होते. अशा शब्दांची अपवाद-यादी सुरुवातीलाच द्यावी.

संगणकाच्या क्षमतेची काळजी मात्र करू नये. एका मासिकाचे वर्षाला १२ अंक, प्रत्येक अंकात २० लेख आणि २५ वर्षे धरली तरी ६,००० नोंदी होतात. एवढा मजकूर एसक्यूलाइटसारख्या लहान माहितीकोशात सहज मावतो आणि साध्या संगणकावर क्षणात शोधता येतो. खर्च होतो तो माणसाच्या वेळेचा : एका नोंदीला दहा मिनिटे धरली तर हे १,००० तासांचे काम आहे.

हा वेळ वाचवण्यासाठी पाने स्कॅन करून ओसीआर, म्हणजे चित्रातील अक्षरे ओळखणारी यंत्रणा, वापरावी असा विचार साहजिक आहे. २००५ मध्ये सर्वांसाठी खुली झालेली टेसरॅक्ट ही यंत्रणा यासाठी मोफत मिळते, आणि मथळे व पहिले परिच्छेद उतरवून घेण्यासाठी ती खरोखर उपयोगी आहे. पण ग्राफिक्सच्या मासिकांत मजकूर चित्रांवर छापलेला असतो, रकाने चित्राभोवती वळसे घेतात, आणि यंत्र एका रकान्यातून दुसऱ्यात भलत्याच ठिकाणी उडी मारते. छापील प्रोग्रॅममध्ये शून्य आणि ‘ओ’, एक आणि ‘एल’ यांची अदलाबदल होते, आणि सूत्रे तर ओळखू येत नाहीत इतकी बिघडतात. म्हणून ओसीआरचा मजकूर शोधाच्या पोटात कमी वजनाने ठेवावा, आणि त्याला टिपणाची जागा घेऊ देऊ नये. संपूर्ण मजकूर किंवा स्कॅन केलेली पाने लोकांसमोर ठेवणे हा हक्कधारकाच्या परवानगीचा प्रश्न आहे. मथळा, लेखक, पान आणि स्वतः लिहिलेले टिपण यांवर उभी असलेली सूची त्या अडचणीत सापडत नाही.

सांभाळणे

सूची तयार झाल्यावर तिचे दुसरे आयुष्य सुरू होते. प्रत्येक नोंदीला कायमचा क्रमांक द्यावा आणि नोंद रद्द झाली तरी तो दुसरीला देऊ नये, कारण कोणीतरी तो क्रमांक आपल्या वहीत लिहून ठेवलेला असतो. जालावरचे पत्ते मरतात, म्हणून जेथे डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ओळख-क्रमांक, असेल तेथे तोच नोंदवावा. मासिकाबरोबर आलेल्या सीडी-डीव्हीडींवर धड्यांच्या मूळ फाइली असतात आणि त्या चकत्या कालांतराने वाचता येईनाशा होतात. त्यांची प्रत वेळीच काढून, ती बदललेली नाही हे पडताळता येईल असा तपासअंक तिच्याबरोबर जपावा. सूचीचा मूळ मजकूर कोणत्याही एका सॉफ्टवेअरमध्ये अडकू नये. युनिकोडमधील साधी मजकूर-फाइल, तिच्या प्रत्येक बदलाचा इतिहास आणि किमान दोन ठिकाणी प्रती, एवढी व्यवस्था पुरेशी आहे.

जुने झालेले लेख काढून टाकण्याचा आग्रह अधूनमधून होतो आणि त्याला ठामपणे नकार द्यावा. ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या सॉफ्टवेअरच्या २.८ या आवृत्तीत, जुलै २०१९ मध्ये, त्यातला जुना अंतर्गत रेंडरर, म्हणजे दृश्याचे चित्र तयार करणारा भाग, काढून टाकण्यात आला, म्हणून त्यावरचे धडे आज पायरी-पायरीने करता येत नाहीत. पण तीन दिवे कोठे आणि का ठेवावेत, हे त्या धड्यात सांगितलेले कारण जुने होत नाही, आणि त्या काळातली फाइल उघडू पाहणाऱ्याला तोच धडा लागतो. आवृत्तीची खूण स्पष्ट असली की वाचक आपली निवड करतो.

सर्वांत दुर्लक्षित पण सर्वांत उपकारक नोंद असते ती चूक-दुरुस्तीची. एका अंकात छापलेल्या प्रोग्रॅममधली चूक दोन-तीन महिन्यांनी पत्रव्यवहाराच्या पानावर चार ओळींत दुरुस्त केलेली असते, आणि मूळ लेख वाचणाऱ्याला तिचा पत्ताही नसतो. ही चार ओळींची दुरुस्ती मूळ नोंदीला जोडणे हे केवळ सूचीच करू शकते. कागदाच्या गठ्ठ्याला ते जमत नाही आणि स्कॅनलाही नाही.

सूची नीट चालते की नाही हे तपासण्यासाठी ज्यांची उत्तरे आपल्याला आधीच ठाऊक आहेत असे तीस-चाळीस खरे प्रश्न लिहून ठेवावेत आणि नियमांत कोणताही बदल केला की ते सर्व पुन्हा चालवून पाहावेत. दोन गोष्टी मोजायच्या : जे सापडायला हवे होते त्यातले किती सापडले, आणि जे सापडले त्यातले किती कामाचे होते. एक वाढवू गेले की दुसरे घटते. लहान सूचीत मी पहिल्या गोष्टीला झुकते माप देईन, कारण दहा अनावश्यक नोंदी नजरेखालून घालायला मिनिट लागते, पण न दिसलेली नोंद वाचकासाठी नसल्यासारखीच असते. याशिवाय ज्या शोधांना एकही उत्तर मिळाले नाही त्यांचे शब्द, शोधणाऱ्याची ओळख न ठेवता, जमा करावेत आणि महिन्यातून एकदा ते वाचावेत. तेथे कोणीतरी ‘तळ्यातला उजेड’ असे लिहिलेले असते, ‘कॉस्टिक’ हा शब्द त्याला माहीत नसतो, आणि सूचीकार त्या महिन्यात ‘तळ्यातला उजेड : कॉस्टिक पाहा’ अशी एक ओळ यादीत घालतो.